मास्तरांची फुंकर आणि घटपर्णीचं बी

मास्तरांना कुणी विचारलं असतं, की मास्तर, दिवसातून तुम्ही किती वेळा फुंकर मारता, तर ते चष्म्याच्या वरून बघत म्हणाले असते, "फुंकर? मी कशाला फुंकर मारू? मी काय चूल पेटवतोय?" आणि हे बोलता बोलताच त्यांनी समोरच्या कापडावर एक फुंकर मारली असती. चाळीस वर्षं कोट-पॅंट शिवणाऱ्या माणसाचं असंच होतं. कापडावर धाग्याचा तुकडा दिसला, की हातातली कात्री थांबत नाही, बोलणं थांबत नाही. ओठ आपले आपण गोल होतात आणि फूऽऽ. तुकडा खाली, काम पुढे. दुकानात काज-बटणं करायला येणाऱ्या काकू तर म्हणायच्या, "मास्तर झोपेतसुद्धा फुंकर मारत असणार. पैज लावा माझ्याशी."

हीच फुंकर मास्तरांच्या अंगाशी आली. कशी, ते नीट पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच मास्तरांना वेंधळं म्हणायचे. माणूस वेंधळा अजिबात नव्हता.

मास्तरांची मोठी बहीण, ताई, शहराच्या मोठ्या बागेत एकतीस वर्षं कामाला होती. लागली ती गवत उपटायला. शेवटी शेवटी काचघराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. त्या काचघरात एक घटपर्णी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायचं तर तो एक वेल. पण त्याच्या पानाचं टोक दोरीसारखं लांबत जातं आणि त्या दोरीला चक्क एक बुधली लटकते. झाकणासकट! बुधलीत तळाशी पाणी, काठावर गोड रस. माशी रस चाटायला येते, पाय घसरतो, आत पडते, आणि पडली ती गेली. झाड तिला आतल्या आत जिरवून टाकतं. शाळेची मुलं बाग बघायला आली की ह्या झाडापुढून हलायची नाहीत. ताई त्यांना म्हणायची, "घाला बोट, काही करत नाही. माणूस खाण्याइतकी तिची चव बिघडलेली नाही." झाडाचं नाव तिने ठेवलं होतं बुधलीबाई.

आता ह्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. बुधलीबाई मादी. बिचारी दर वर्षी फुलायची आणि दर वर्षी फुलं तशीच वाळून जायची, कारण नर त्या बागेतच काय, आसपासच्या कुठल्याच बागेत नव्हता. ताईने पत्रं लिहायला सुरुवात केली. ह्या बागेला, त्या बागेला, तुमच्याकडे नर आहे का, फुलला की कळवा. सतरा वर्षं पत्रं लिहिली बाईने! एवढ्या वर्षांत माणसांची लग्नं जमून पोरं शाळेत जातात. सतराव्या वर्षी लांबच्या एका बागेतल्या माळ्याने घडी घातलेल्या कागदातून पराग पाठवले. ताई तोवर निवृत्त झाली होती. पण सकाळी काचघरात जायचं काही तिने सोडलं नव्हतं, आणि नव्या लोकांनीही तिला कधी हटकलं नाही. हाताला कंप सुरू झाला होता. तिने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि मऊ कुंचल्याने एकेका फुलाला पराग लावले.

बोंडं धरली. तीन महिन्यांनी ती तपकिरी होऊन उकलायला आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात वादळाने काचघराचं छप्पर फोडलं. रात्रभर थंडी आत शिरली. बुधलीबाई उष्ण हवेची. चार दिवसांत काळी पडली आणि गेली. ताईने बोंडं तेवढी वाचवली आणि त्यांतलं बी एका पुडीत बांधलं.

ती पुडी घेऊन ताई दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ठिगळ्या, हे तुला पेरायचंय."

ठिगळ्या म्हणजे मास्तर. लहानपणी त्यांच्या चड्डीला चड्डीपेक्षा ठिगळंच जास्त असायची. साठीला आलेल्या, डोक्यावर चांदी झालेल्या माणसाला भर दुकानात ह्या नावाने हाक मारायचा हक्क जगात एकाच व्यक्तीला होता.

"मी?" मास्तर म्हणाले. "ताई, मी जन्मात कुंडीला पाणी घातलेलं नाही."

"म्हणून तर. ज्याला थोडंफार येतं तो स्वतःची अक्कल लावतो. तू मी सांगेन तेवढंच करशील." तिने हात पुढे केला. हात थरथरत होता. "हे बघ. ह्या हाताने पेरायला गेले तर अर्धं बी जमिनीवर. आणि माझ्या खोलीत ऊन नावाला येत नाही. तुझ्या दुकानाची काच केवढी मोठी आहे! सकाळचा उजेड नुसता धो धो येतो. आणि ठेवूनही भागणार नाही. हे बी फार दिवस जगत नाही. महिन्याभरात पेरलं तर पेरलं."

"अगं पण चुकलं माझं काही तर?"

"तर काय, बुधलीबाईचा वंश बुडेल," ताई म्हणाली आणि उठली. अशी होती ती. धीर देताना धसका द्यायची.

मास्तर नाही म्हणूच शकत नव्हते, त्याला कारण होतं. मास्तर आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील त्याआधीच गेले होते. एकोणीस वर्षांच्या ताईने आईचं पायमशीन पुढे ओढलं आणि उशांचे अभ्रे शिवायला घेतले. दहा वर्षं दोघांचं पोट त्या मशीनवर चाललं. मास्तर अठराचे झाले, हात बसला, तसं ताईने मशीन त्यांना दिलं. म्हणाली, "एका मशीनवर दोघं बसू शकत नाहीत. बागेत बाया घेतायत, मी जाते." आणि गेली चिखलात गवत उपटायला. ते काळं मशीन अजून दुकानाच्या कोपऱ्यात होतं आणि अजून झ्याक चालत होतं. ते बघितलं की मास्तरांच्या मनात यायचं, आपण सावलीत बसून साहेब लोकांचे कोट शिवले ते हिच्या जिवावर. पण हे तोंडाने बोलायचं कसं? बहिणीला कुणी आभार म्हणतं का! म्हणून ते दर वर्षी तिला एक कोट शिवून द्यायचे. उत्तम कापड, रेशमी अस्तर. ताई "छान आहे हो" म्हणायची आणि कपाटात टांगून ठेवायची. आता पहिल्यांदाच तिने स्वतःहून काही मागितलं होतं. हे एक काम बिनचूक करायचंच, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी तयारी केली. ताईने सांगितल्याप्रमाणे बारीक कापलेलं शेवाळ आणि धुतलेली जाड वाळू एका पसरट ट्रेमध्ये भरली. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणून शिंपडलं. कटिंगचं टेबल पुसून लख्ख केलं. पंखा बंद. दार बंद. "काकू," ते म्हणाले, "आता दहा मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि शिंकायचं तर मुळीच नाही."

"मी श्वास घेतला तर चालेल का?" काकूंनी विचारलं.

"हळू घ्या."

टेबलावर पांढरं शुभ्र कापड अंथरलं, त्यावर बी स्पष्ट दिसावं म्हणून. मग पुडी उलगडली. मास्तरांना वाटलं होतं, बी म्हणजे मोहरीसारखं काहीतरी असेल. हे तर केस निघाले! बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत, तपकिरी, दोन्हीकडे निमुळते. दोनशे-अडीचशे असतील. मास्तरांनी पुडी कापडावर हलकेच रिकामी केली, कौतुकाने मान हलवली आणि ट्रे आणायला काचेपाशी गेले. चार पावलं. ट्रे उचलला, पाणी सांडत नाही ना बघत बघत परत आले, तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि खाली बघितलं.

पांढऱ्या कापडावर तपकिरी धागे.

फूऽऽ.

काकूंच्या हातातली सुई हवेतच राहिली.

"मास्तर," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते बी होतं."

मास्तर टेबलावर वाकले. पांढरं कापड कोरं करकरीत होतं. पलीकडे टेबलावर, टेबलाखाली, मशीनच्या पॅडलवर, चिंध्यांच्या टोपलीत सगळीकडे कातरण पडलेलं, कारण रोजचा झाडू मास्तरांनी धूळ उडेल म्हणून मुद्दाम मारू दिला नव्हता. आणि नशीब कसं बघा, त्या आठवड्यात दुकानात काय कापलं होतं? तीन भावांचे तीन सूट. तिन्ही तपकिरी!

मग ते दोघं जण गुडघ्यांवर आले. मशीन साफ करायच्या मऊ ब्रशने काकूंनी फरशीचा इंच न् इंच लोटला, मास्तरांनी टेबलाच्या फटीतून टाचणीने उकरून काढलं. तासाभराने वर्तमानपत्रावर एक मूठभर ढीग जमला. त्यात बी होतं, तपकिरी धागे होते, निळे होते, पांढरे होते, अस्तराचे तंतू होते, आणि एक काकूंचा केस होता. मास्तरांनी ढीग डोळ्यांपाशी नेला. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. शिवण ते आताशा बोटांच्या अंदाजाने करायचे आणि सुईत दोरा काकू ओवून द्यायच्या. त्यांना कशातलं काय कळणार!

"काकू, तुम्ही बघा."

काकूंनी बघितलं. "मला विचाराल तर सगळाच धागा. जन्म गेला माझा धाग्यात. ताईंना फोन लावा."

"नाही."

"अहो, त्या ओळखतील."

"सतरा वर्षं तिने पत्रं लिहिली, काकू! आणि मी ते एका फुंकरीत उडवलं, असं सांगू तिला? मी नाही सांगणार."  मास्तरांनी तो सगळा ढीग, जसा होता तसा, ट्रेवर भुरभुरला. वरून माती टाकायची नाही असं ताईने सांगितलं होतं, ती टाकली नाही. काच झाकली आणि ट्रे दर्शनी काचेशी, कोट घातलेल्या पुतळ्याच्या पायाशी ठेवून दिला.

त्या ट्रेवरून गिऱ्हाइकांनी मास्तरांची जी टिंगल केली म्हणता! "मास्तर, धागे पेरलेत वाटतं? कोट कधी उगवणार?" "माझा जरा लांब बाह्यांचा उगवू द्या हं." मास्तर हसायचे, पण ते हसणं ओठांच्या आत जायचं नाही.

त्यातच ताईचा पाय मुरगळला आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर जिना उतरू नकोस म्हणून बजावलं. मास्तरांना वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं. ताई फोन मात्र रोज करायची.

"ओल आहे ना?"

"आहे."

"काचेला आतून घाम येतो?"

"येतो."

"आवाज का असा तुझा?"

"कुठे कसा? तोंडात टाचण्या आहेत."

तोंडात एकही टाचणी नसायची. मास्तर फोन ठेवायचे आणि काकू त्यांच्याकडे न बघता काज घालत राहायच्या. न बघणं काकूंना असं काही जमायचं, की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी काच उचलली तर एका सुती धाग्यावर पांढरी लव आली होती. दुसऱ्या दिवशी सहा धाग्यांवर. सुती धागे कुजत होते आणि त्यांच्यावर बुरशी चढत होती. संध्याकाळी फोनवर ताई आपण होऊन म्हणाली, "आणि बुरशीवर लक्ष ठेव हं. एकदा का पसरली की एक बी सोडत नाही. दिसली की लगेच मला सांग." मास्तरांनी "हो" म्हणून फोन ठेवला.

त्यांनी चिमटा घेऊन धागे वेचून काढायचा प्रयत्न केला. पाच उचलले. काकूंनी ते पांढऱ्या कागदावर ठेवून दुकानाचं भिंग धरलं. दोन धागे होते. उरलेल्या तिन्हींना मधोमध बारीकसं पोट होतं. ते बी होतं. आणखी तासभर मास्तर असेच वेचत बसते, तर बुरशीतून वाचलेलं त्यांनी स्वतःच संपवलं असतं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. ह्या जगात ते बी ओळखू शकणारं माणूस एकच होतं, आणि तिच्यापासूनच ते तीन आठवडे लपवत होते.

"काकू, दुकान बघा," ते म्हणाले. "मी ताईकडे चाललो."

"सुटलात एकदाचे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ट्रेवर काच नीट बसवून दिली.

ताईची खोली तीन गल्ल्या सोडून, पावाच्या भट्टीच्या वर. भर दुपारी मास्तर दोन्ही हातांत ट्रे धरून, पोट आत ओढून, तोंड घट्ट मिटून निघाले. वाटेत दोघा-तिघांनी हाक मारली, त्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोयच नव्हती. त्या तोंडावर आता त्यांचा विश्वास उरला नव्हता. भट्टीच्या बाजूचा अरुंद जिना ते एकेक पायरी चाचपत चढले.

ताई खुर्चीत पाय वर करून बसली होती. तिचा चेहरा एकदम फुलला. "आलं वर? दाखव, दाखव!"

मास्तरांनी ट्रे टेबलावर ठेवला, टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि काच काढली. ताई वाकली. तिची नजर लहानपणापासून घारीची होती.

"हे निळं काय आहे?"

"धागा."

"आणि हे?"

"धागा."

"हे पांढरं?"

"तोही धागा."

"ठिगळ्या, तू मधूनमधून बी पण पेरलंयस ना?"

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. पांढरं कापड, चार पावलं, फुंकर, तीन भावांचे तीन सूट, काकूंचा केससुद्धा. काही लपवलं नाही. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या कपाटाकडे बघत होते. कपाट अर्धवट उघडं होतं आणि आत त्यांनीच शिवलेले कोट ओळीने लटकत होते. "तू आयुष्यात एक गोष्ट मागितलीस आणि मी तिची माती केली," ते म्हणाले. "वर तीन आठवडे खोटं बोललो. मला काय बोलायचं ते बोल."

ताईने मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. मास्तर घाबरले. रडते का ही? त्यांनी ताईला आईच्या वेळेनंतर रडताना पाहिलं नव्हतं. वाकून बघतात तर बाई हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"फुंकर मारलीस!"

"हो."

"अरे गाढवा, ती फुंकर मीच शिकवली तुला. आठवत नाही? मशीनवर माझे दोन्ही हात अडकलेले असायचे, तू बाजूला पाटावर बसायचास, आणि मी म्हणायचे, फुंक रे ठिगळ्या. दिवसभर फुंकायचास, गाल लाल होईपर्यंत." तिने डोळे पुसले आणि लगेच तिचा आवाज बदलला. "बरं, पुरे झालं. चिमटा आणलायस? खुर्ची ओढ. बुरशी हसत बसत नाही."

आणि दोघं कामाला लागले. बघायचं ताईने, उचलायचं मास्तरांनी. तिचे हात कापत होते, पण डोळे लख्ख होते. त्यांचे डोळे गढूळ, पण हात असा, की चिमट्यातलं टोक केसभर हलायचं नाही. "बियाला पोट असतं, धाग्याला नसतं," ताई म्हणाली. "डावीकडे. अजून. खाली ये. हां, तो. उचल. नाही नाही नाही, तो नाही! तो बी आहे, त्याला हात लावशील तर बघ. त्याच्या शेजारचा." भट्टीतून ताज्या पावाचा वास जिन्याने वर येत होता. चहा ओतून ठेवला होता तो तसाच गार झाला. ऊन गल्लीपलीकडच्या भिंतीवरून वर चढून गेलं तेव्हा बरणीच्या झाकणात धाग्यांचा ढीग साठला होता, आणि ट्रेमध्ये ताईच्या मोजणीने एकशे बारा बिया उरल्या होत्या. बुरशी आलेल्या जागचं शेवाळही तिने चमच्याने काढायला लावलं.

"बाकीचं?" मास्तरांनी विचारलं.

"बाकीचं तुझ्या दुकानाला वाहिलं. एकशे बारा काय कमी आहेत? आधी एक तरी होतं का?" ताई म्हणाली. मास्तरांच्या जिवात जीव आला.

ट्रे परत दुकानात गेला. आता रोज फोनवर मास्तर खरं बोलायचे, आणि खरं एवढंच होतं, की काही झालेलं नाही. चौथा आठवडा गेला. पाचवा गेला. मास्तर सकाळी दुकान उघडलं की आधी ट्रेपाशी जायचे आणि एका हाताने स्वतःचं तोंड दाबून धरून बघायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तरांचा दात दुखतोय. सातव्या आठवड्यात काकू काचेपाशी उजेडात सुई ओवत होत्या, त्या किंचाळल्या, "मास्तर! हिरवं!"

मास्तरांना काही दिसेना. काकूंनी त्यांच्या हातात भिंग दिलं, त्यांची मान धरून नेमकी जागा दाखवली. होतं. खसखशीच्या दाण्याएवढं, दोन पानांचं, पोपटी. मास्तरांनी फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. "तोंडात टाचण्या आहेत का?" पलीकडून ताईने विचारलं. "नाही," मास्तर म्हणाले, "तू ये." डॉक्टरांचा महिना केव्हाच संपला होता. काठी टेकत ताई पंधरा मिनिटांत दुकानात हजर.

त्या आठवड्यात सात उगवली, पुढच्या महिन्यात चौतीस झाली. ताई आता रोज सकाळी दुकानातच येऊन बसायची. पुतळ्याला तिने आपल्या हाताने कोपऱ्यात ढकललं. त्याची सावली पडत होती म्हणे. गिऱ्हाइकं ट्रायलला आली की आधी रोपं बघायची आणि मग बाही.

आणखी अडीच महिन्यांनी एक सकाळ आली. ताईने काच काढायला लावली, भिंग धरलं आणि म्हणाली, "बघ. बुधली."

सगळ्यात पहिल्या रोपाच्या कोवळ्या पानाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी बुधली होती. आतून पोकळ, काठाला लाली, आणि वर झाकण, नखाने खरवडावं एवढंसं. आईसारखीच. काकू बघायला म्हणून घाईने पुढे वाकल्या, आणि त्यांच्या बाहीला चिकटलेला तपकिरी धागा सुटला आणि अलगद तरंगत खाली आला. नेमका त्याच रोपावर. बुधलीवर आडवा.

कुणी हललं नाही.

"ओला झाला की चिकटून बसेल," ताई म्हणाली. "मग निघताना बुधली घेऊन निघेल. मी हात लावला तर रोपच उपटेल. फुंक."

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी तोंडावर हात ठेवलासुद्धा.

"फुंक रे ठिगळ्या."

"ताई, नको. मागच्या वेळी बघितलंस ना."

"मागच्या वेळी तू न बघता मारलीस. आता बघून मार. मी आहे ना."

ते वाक्य ऐकलं आणि मास्तरांनी हात खाली घेतला. खाली वाकले. ताईने भिंग धरलं. हात थरथरत होता, म्हणून काकूंनी तिचं मनगट धरलं. मास्तरांनी ओठ गोल केले आणि इतकी हळू फुंकर मारली, की तिचा आवाजही झाला नाही. धागा उचलला, वळला आणि ट्रेच्या बाहेर पडला. बुधली जागच्या जागी.

काकूंनी मोठ्याने श्वास सोडला. मास्तर स्टुलावर बसले.  मग इतक्या वर्षांचं जे पोटात होतं ते एकदम बाहेर आलं.

"ताई, तू मला मशीन दिलंस. स्वतः चिखलात गेलीस. मी जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे. मी कधी बोललो नाही, पण रोज मनात येतं. तुझे उपकार..."

"थांब, थांब," ताई म्हणाली. "कसले उपकार? तुला काय वाटलं, मी मशीन तुझ्यासाठी सोडलं?"

"मग?"

"अरे वेड्या, मला शिवणाचा मनापासून कंटाळा! आई गेली म्हणून बसले त्या मशीनवर. दहा वर्षं अभ्रे शिवले आणि खिडकीतून समोरचं झाड बघितलं. तुझा हात बसला आणि मी सुटले. तू नीट शिवायला लागला नसतास, तर मी मरेपर्यंत तिथेच अडकले असते. एकतीस वर्षं रोज सकाळी काचघराचं कुलूप उघडताना माझ्या मनात यायचं, माझा ठिगळ्या गुणी निघाला म्हणून मी इथे आहे." तिने भिंग टेबलावर ठेवलं. "उपकार म्हणे! ते तर तुझे माझ्यावर."

मास्तर स्टुलावरून उठले. "मग हे कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू आपला दर वर्षी कोट शिवतोस. रेशमी अस्तराचा! तो घालून मी काय गवत उपटायला जाऊ?"

काकू हसल्या आणि हातातल्या पॅंटच्या पायाने डोळे पुसले. मास्तरांनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. एवढी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते ओझं नव्हतंच, हे कळायला साठ वर्षांचं व्हावं लागलं. कळलं हेच पुष्कळ.

थोड्या वेळाने त्यांनी नाक ओढलं आणि गळ्यातला टेप काढला. "बरं, आता विचारतो. तुला काय शिवून देऊ?"

ताईने विचारच केला नाही. एवढी वर्षं तयारच असणार उत्तर. "जाड कापडाचा झगा. धुवायला सोपा. पुढे मोठाले खिसे. एकात कात्री, एकात भिंग, एकात पुड्या. कात्रीच्या खिशाला दुहेरी कापड लाव, नाहीतर टोक बाहेर येतं."

"किती खिसे?"

"सहा. नाही, आठ कर."

काकूंनी वही घेतली. मास्तरांनी ताईला उजेडात, रोपांच्या ट्रेशेजारी उभं केलं आणि खांद्यापासून टेप लावला. तिचा हात हलत होता, म्हणून बाहीचं माप त्यांनी दोनदा घेतलं.